कॅलिफोर्नियाच्या लातूर शाखेस खुले पत्र

प्रति,
मालक, पुडी व गोळी विभाग,
पानटपरीची मागची बाजू, ट्यूशन एरिया, लातूर.
(शाखा : नांदेड)



तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही. पोरं तुम्हाला ‘मालक’ म्हणतात, म्हणून मायनाही तोच ठेवला आहे. आधी अभिनंदन स्वीकारा. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. तुमच्या धंद्याला मात्र अशी टंचाई कधी ऐकली नाही. धरण आटो, नळ कोरडे पडोत, टपरीच्या मागे माल हजर. पुरवठ्याचं नियोजन कसं करावं हे शिकायला महापालिकेने तुमच्याकडेच शिकवणी लावायला हवी होती.

पत्राचं कारण सांगतो. आमच्या माडीवर चार खोल्या आहेत आणि त्यांत नीटची तयारी करणारी लेकरं राहतात. तुमचं भाषण मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. ‘लीगल आहे रे. अमेरिकेत दुकानात मिळतं. यूपीत तर सरकारच विकायला लावतं. महादेवाचा प्रसाद आहे, आपल्याकडचेच लोक मागास.’ भाषण बरं आहे. प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे. निव्वळ खोटं बोलणारा माणूस लवकर पकडला जातो. तुम्ही खरं मोजून मिसळता, आणि तुमच्या सगळ्या व्यवहारात बिनभेसळीचं तेवढंच असावं.

यूपीपासून सुरू करू. काशीला परवान्याची भांगेची दुकानं आहेत, तशी ती उज्जैनला आणि जैसलमेरलाही आहेत. त्यात लपवण्यासारखं काही नाही. अमली पदार्थांविषयीच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. भांग पानांची, म्हणून ती दिल्लीच्या या कायद्यातून निसटली आणि ज्या त्या राज्याच्या अबकारी खात्याच्या पदरात पडली. काहींनी ठेके दिले. काशीतलं असं एक दुकान मी यात्रेत पाहिलं आहे. पाटीवर ‘सरकारी’ असं ठसठशीत लिहिलेलं, लोखंडी जाळी, जाळीमागे ओले हिरवे गोळे आणि रस्त्याकडे तोंड करून बसलेला विक्रेता. दिवसाढवळ्या. तुम्ही रस्त्याकडे पाठ करून बसता, एवढ्यावरूनही कायद्यातला फरक कळायला हरकत नव्हती.

कारण तुमचा कायद्याचा अभ्यास काशीला सुरू होतो आणि बऱ्हाणपूरला संपतो. पुढे महाराष्ट्र लागतो. इथे १९४९चा दारूबंदी कायदा आहे. नाव दारूचं असलं तरी मादक द्रव्याच्या व्याख्येत त्याने झाडाची पानं, कोवळे देठ, भांग, गांजा, सगळं गोळा करून ठेवलं आहे. परवाना नसताना भांग जवळ बाळगणं आणि विकणं हा या राज्यात गुन्हा आहे. काशीच्या परवान्यावर लातुरात भांग विकायची, तर मग काशीच्या मतदार यादीवर लातुरात मतदानही करा की! आणि महादेवाचं म्हणाल, तर सिद्धेश्वराच्या यात्रेला महाशिवरात्रीपासून सगळं लातूर लोटतं. देवाने कुणाला एजंट नेमल्याचं तिथेही कधी कानावर आलं नाही.

गच्ची झाडताना सापडलेलं तुमच्या गोळीचं वेष्टन आता माझ्या टेबलावर आहे. सोनेरी कागद, त्यावर ध्यानस्थ शंकर, खाली ‘आयुर्वेदिक औषधी’, त्याखाली ‘पाचक’. आणि चिकटवलेल्या कडेशी, मुंगीच्या पायासारख्या अक्षरांत, ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’. ही ओळ कुणी हौसेने छापत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ मध्ये एक ई-१ नावाची अनुसूची आहे. आयुर्वेदातली जी द्रव्यं विषारी समजायची त्यांची ती यादी. त्यात धोत्रा आहे, बचनाग आहे, कुचला आहे, बिब्बा आहे, अफू आहे आणि या मंडळींच्या पंगतीला तुमची भांगही आहे. वैद्याने मात्रा ठरवून द्यायचं औषध तुम्ही कात-चुन्याच्या हाताने, सुट्टे नसले तर परतीच्या पैशांऐवजीही देता, असं पोरं सांगतात. वैद्यकीय देखरेख ती हीच असावी. या शहरात डॉक्टर व्हायला येणाऱ्या मुलांना तुम्ही प्रॅक्टिकल आधीच सुरू करून दिलं.

त्या प्रॅक्टिकलचा एक निकाल सांगतो. मुखेडकडचा मुलगा. रविवारच्या टेस्टमध्ये मार्क पडले आणि मित्राने गोळी दिली. अर्ध्या तासात काहीच झालं नाही, म्हणून त्याने दुसरी खाल्ली. खाल्लेल्या भांगेला चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. फुंकल्यासारखं लगेच कळत नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. रात्री अकराच्या सुमाराला दोन्ही एकदम लागल्या. मी वर गेलो तेव्हा तो मोरीच्या दारात बसून स्वतःच्या मनगटाची नाडी दाबून धरत होता. सोड म्हटलं तर सोडेना. ‘काका, सोडली की थांबते,’ म्हणाला. मग पाच मिनिटांनी पुन्हा तेच, आणि किती वेळ झाला विचारलं तर म्हणाला, सकाळपासून बसलोय. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती खाल्लं? दोन. दोनांत किती? आम्ही वेष्टन पुढे केलं. त्यावर गोळीचं वजन होतं, शंकर होता, पाचक होतं. आत भांग किती आणि तिची ताकद किती, ते कुठेच नव्हतं. डॉक्टरांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि परत दिलं. मुलगा सकाळी शुद्धीवर आला. आठ दिवस अभ्यासाला बसला नाही आणि घरी काही कळवू नका म्हणून माझ्या पाया पडला. तुमच्याविरुद्ध तक्रार द्यायला तो तयार नाही. तुमच्या धंद्याचं खरं भांडवल हेच आहे, मालक. माल तर कुठेही मिळतो.

आता अमेरिका. माझा भाचा कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. इथल्या दयानंद कॉलेजला शिकला, पुढे तिकडे एमएस केलं. त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असं दुकान आहे. तिथे १ जानेवारी २०१८ पासून प्रौढांना उघड विक्री सुरू झाली. मी फोनवर विचारलं, काय काय असतं रे? त्याने त्या राज्याचे नियमच वाचून दाखवले. वय २१ पूर्ण हवं आणि ओळखपत्राशिवाय विक्री नाही. जवळ बाळगायचं ते २८.५ ग्रॅमपर्यंत. खायच्या पदार्थात एका वाट्याला टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि अख्ख्या पाकिटात १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पाकीट लहान मुलाला उघडता येऊ नये असं. माल दुकानात येण्याआधी प्रयोगशाळेत कीटकनाशक, बुरशी, जड धातू तपासलेले. वर कर आणि पावती.

मी म्हटलं, मग तू गेलास की नाही एकदा बघायला? तो हसला. म्हणाला, मामा, हे राज्याचं झालं. देशाच्या कायद्याने ते मोकळं केलेलं नाही, आणि माझा व्हिसा राज्य देत नाही, देश देतो. तिथल्या नागरिकत्व खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी कळवून ठेवलं आहे की राज्यात चालत असलं तरी गांजाचा संबंध आला तर नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो. ‘कुणी विचारलं आणि मी खरं बोललो तरी पंचाईत,’ म्हणाला. म्हणजे बघा, दुकानाजवळ राहणारा लातूरचा इंजिनियर उंबरा ओलांडत नाही, आणि औसा रोडच्या मागच्या गल्लीत अकरावीतलं पोर तुमच्याकडून ‘कॅली’च्या नावाने गांजा घेतं!

त्या ‘कॅली’चीही पुडी मी पाहिली. निम्म्या काड्या, बोटाला टोचणाऱ्या बिया, कुबट वास. आणि पुडी बांधलेला कागद तेलुगू वर्तमानपत्राचा. कॅलिफोर्नियात तेलुगू मंडळी पुष्कळ आहेत हे मी ऐकून आहे, पण त्यांच्या वर्तमानपत्राची रद्दी थेट लातूरला येते ही नवी माहिती.

चेष्टा राहू द्या. माल कुठून येतो हे नांदेडकरांना नव्याने सांगायला नको. आंध्र आणि ओडिशाच्या सीमेवरचे डोंगर, विशाखापट्टणमचा एजन्सी भाग, मलकानगिरी, कोरापूट. तिथून तेलंगण पार करून गाडी देगलूरच्या नाहीतर बिलोलीच्या अंगाने महाराष्ट्रात शिरते. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या (एनसीबी) मुंबई पथकाने नायगाव तालुक्यात मांजरमजवळ एक ट्रक अडवला. विशाखापट्टणमकडून जळगाव जिल्ह्यात निघालेला. आत गांजा होता १,१२७ किलो. दहा ग्रॅमची पुडी धरली तर एक लाख बारा हजार सातशे पुड्या. तो ट्रक तुमचा होता असं मी म्हणत नाही. तुमचा असता तर तुम्ही टपरीच्या मागे उभे राहिला नसता. एवढंच म्हणतो की त्या मालात काय फवारलं होतं, तो किती दिवस ताडपत्रीखाली भिजला, बुरशी कितपत चढली, हे ट्रकवाल्यालाही ठाऊक नसतं. आणि तुम्ही त्याच्यावर परदेशी नाव चिकटवता. आमचे व्यापारी गंजगोलाईत तुरीला निदान तुरीच्या नावाने विकतात.

वजनाचा कायदा मात्र तुम्हाला तोंडपाठ दिसतो. गांजा एक किलोपेक्षा कमी तर ‘अल्प प्रमाण’, वीस किलोपेक्षा जास्त तर ‘व्यापारी प्रमाण’. अल्पाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यापारीला दहा ते वीस वर्षं आणि किमान एक लाखाचा दंड. म्हणून तुमच्या जवळ कधी किलोभर सापडत नाही. डबा एकीकडे, पुड्या दुसरीकडे, आणि सात-आठ पुड्या एखाद्या पोराच्या सॅकमध्ये, भौतिकशास्त्राच्या मॉड्यूलखाली. ‘मित्रांना दे, तुझी एक फुकट.’ त्या लेकराला हे माहीत नसतं की नुसत्या ओढण्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि दुसऱ्याला दिलं की ते ओढणं राहत नाही. मग पोलीस येतात, आणि गुन्ह्यात नाव त्याचं लागतं. तुम्ही त्या वेळी पानाला चुना लावत असता. हा वाक्प्रचार मी मुद्दाम वापरलेला नाही, तुम्ही खरोखरच लावत असता.

इंजिनियरिंगच्या पोरांसाठी तुमचं भाषण जरा वरच्या इयत्तेचं असतं असं कळलं. ‘यूनोनेसुद्धा काढलं, भारताने मत दिलं.’ मालक, वाचन दांडगं आहे तुमचं! २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा सगळ्यात कडक, म्हणजे चौथ्या अनुसूचीतून निघाला, आणि भारताचं मत त्या सत्तावीसांत होतं. खरं आहे. पण पहिल्या अनुसूचीत तो तसाच राहिला. औषधी संशोधनाची वाट थोडी रुंद व्हावी एवढ्यासाठी तो खटाटोप होता. टपरीसाठी नव्हता. थायलंडचं उदाहरणही आता जपून द्या. जून २०२२ मध्ये त्यांनी मोकळं केलं, आणि तीन वर्षांनी डॉक्टरची चिठ्ठी आणा म्हणून पुन्हा आवळलं. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढाला २५ ग्रॅम जवळ ठेवता येतं आणि घरी तीन झाडं लावता येतात. दुकान मात्र त्यांनीही मोकळं सोडलं नाही.

मला विचाराल तर या विषयावर उघड बोलणं व्हायला हवं. झालंही आहे, आणि फार पूर्वी. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने यासाठी आयोग नेमला. त्याने देशभर फिरून अकराशेहून जास्त साक्षी घेतल्या आणि सांगितलं की सरसकट बंदी नको, परवाना आणि कर ठेवून आवर घाला. दिल्लीच्या एम्सने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात वर्षभरात भांग घेणारे सुमारे २ कोटी २० लाख आणि गांजा-चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख निघाले. एवढे लोक घेतात म्हणून ते चांगलं ठरत नाही, पण एवढ्यांना तुरुंगात घालता येत नाही हेही दिसतं. उत्तराखंडाने धाग्यासाठी, कमी नशेच्या वाणाला परवाने दिले. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्जच केला होता की कुठल्याच पिकाला भाव नाही, मला दोन एकर गांजा लावू द्या. परवानगी मिळाली नाही. ज्याने अर्ज केला त्याला नकार, आणि जो तुरीच्या दोन ओळींत गुपचूप लावतो त्याच्याकडे तुमच्यासारख्यांची उचल आगाऊ पोचलेली. सापडला तर दहा वर्षांपर्यंतची शिक्षा त्याला. पुन्हा तुमचं नाव कुठेच नाही.

म्हणून तुमच्या तोंडी ‘लीगल’ ऐकलं की मला हसू येतं. उद्या समजा या राज्याने खरोखर परवाना काढला. वयाचा दाखला, शाळा-शिकवणीपासून अंतर, पाकिटावर मात्रा, प्रयोगशाळेचा कागद, पावती, कर. यातली एक तरी अट तुम्हाला झेपेल का? वयाच्या अटीवरच तुमचं सगळं गिऱ्हाईक रस्त्यावर येईल, ते सगळं सतरा-अठराचं. अर्थात तुम्ही लगेच उपाशी मरणार नाही. कॅलिफोर्नियात एवढं सगळं करूनही तुमची भावकी कर चुकवून धंदा करतेच आहे. पण आज जी मक्तेदारी आहे ती जाईल. या बंदीचं तुमच्याइतकं भलं कुणी चिंतत नसेल. कधी तिच्या बाजूने मोर्चा निघाला तर पुढच्या रांगेत तुम्ही असायला हवं.

आणि आता तर तुम्ही जुने झालात. एप्रिल २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने (डीआरआय) चाकूर तालुक्यात रोहिणा गावच्या शिवारात मेफेड्रोनचा, म्हणजे एमडीचा, कारखाना धरला. अकरा किलोहून जास्त माल, किंमत सतराएक कोटी. त्याच वर्षी शेजारी तुळजापुरातलं एमडीचं प्रकरण राज्यभर गाजलं. सोयाबीन, तूर आणि निकाल यांसाठी ओळखला जाणारा आमचा भाग एमडीसाठी बातम्यांत आला. तुम्ही म्हणाल, माझा त्याच्याशी काय संबंध, माझं तर झाडपाल्याचं. बरोबर. पण टपरीच्या मागे जायला पोराला पहिल्यांदा शिकवतो कोण? तिथपर्यंतची पायवाट तुम्ही पाडून ठेवली आहे. पुढचा माणूस त्याच वाटेने पांढरी भुकटी घेऊन येईल. तेव्हा तो तुम्हालाही विचारणार नाही.

विशीच्या आतल्या मेंदूवर याचा काय परिणाम होतो हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. स्मरणशक्ती, लक्ष लागणं, काहींच्या बाबतीत भास आणि संशय. हे सगळं त्या पुस्तकांत असेल जी तुमचं गिऱ्हाईक वाचायला इथे आलं आहे. वर्षभर बाप मुखेडला, कंधारला, अहमदपूरला कोरडवाहूत राबतो, दर महिन्याला मेसचे आणि खोलीचे पैसे पाठवतो. त्यातले किती तुमच्याकडे वळतात ते तुम्हीच सांगू शकाल. हिशेब ठेवायची तुम्हाला सवय नसली तरी.

हे पत्र मी आमच्या जिन्यात लावणार आहे, म्हणून शेवट तुमच्यासाठी नाही, माडीवरच्या लेकरांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी लिहितो. सवय लागली असेल तर घाबरून दडवू नका. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे ओढणाऱ्याने किंवा अल्प प्रमाणात सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्ध्यात सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं, म्हणून ते पुरे करा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६. आणि मालकांविषयी काही सांगायचं असेल तर एनसीबीचा मानस क्रमांक १९३३, तिथे आपलं नाव न सांगताही कळवता येतं.

आपला,
माडीवर चार खोल्या असलेला एक घरमालक
लातूर